सात दिवसांत टक्कल: शेगावच्या गावांमधल्या केसगळतीचा उलगडा

डिसेंबर २०२४ संपत आला तेव्हा बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमधून एकच तक्रार येऊ लागली. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस राठ व्हायचे, आणि त्यानंतर हलकेच ओढले तरी पुंजक्याने हातात यायचे. कुणाचं डोकं तीन दिवसांत मोकळं झालं, कुणाचं सात. बाप्ये, बाया, शाळेतली पोरं, कॉलेजात जाणाऱ्या मुली, म्हातारी माणसं, कुणीच सुटलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये बाधितांचा आकडा २७९ वर गेला आणि गावं झाली १८. त्यांत आठ वर्षांचं मूल होतं आणि बहात्तर वर्षांचं माणूसही.

बातम्यांमधून 'टक्कल व्हायरस' हा शब्द फिरू लागला आणि गावांचं दुःख दुप्पट झालं. मुलींनी कॉलेज सोडून घरात बसून घेतलं, ठरलेली लग्नं मोडली. साथ आहे म्हटल्यावर पाहुणारावळा दूर राहणारच. ज्यांचे केस गेले त्यांना आजारापेक्षा ही वागणूक जास्त लागली असेल, असं मला वाटतं. म्हणून या प्रकरणाचा शांतपणे, पायरीपायरीने विचार करायला हवा. तो करायचा तर सुरुवात केसाच्या मुळापासून करावी लागते.

मुळाशी काय चालतं

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतल्या एका खोलगट पिशवीतून येतो. तिला केशकूप म्हणतात. बाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. त्याला तेल लावा, रंग लावा, कापा, मुळाला त्याची खबरही नसते. जिवंत भाग असतो तो तळाशी, कांद्यासारख्या फुगीर टोकात. तिथल्या पेशी सतत विभागत राहतात, वर सरकता सरकता केराटिन या प्रथिनाने भरतात, टणक होतात आणि मरतात. त्यांचाच केस बनतो. शरीरात याहून वेगाने वाढणाऱ्या पेशी फार थोड्या आहेत. अस्थिमज्जा आणि आतड्याचं अस्तर एवढीच काय ती बरोबरी.

एक केस दिवसाला ०.३५ मिलिमीटरच्या आसपास वाढतो, म्हणजे महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण एकाच वेळी वाढणारे सगळे केस धरले तर एक डोकं दिवसाला ३० मीटरच्या आसपास धागा तयार करतं. त्यासाठी प्रथिनं, लोह, जस्त आणि अखंड रक्तपुरवठा लागतो. साहजिकच रक्तात काही बिघडलं की मुळाला ते फार लवकर जाणवतं.

प्रत्येक केशकूप स्वतःच्या वेळापत्रकाने चालतो. वाढीचा काळ दोन ते सहा वर्षांचा. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत मूळ आक्रसतं आणि साधारण तीन महिने विश्रांती घेतं. विश्रांती संपताना जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा येऊ लागतो. कुठल्याही दिवशी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या काळात असतात, आणि उरलेल्यांपैकी रोज ५० ते १०० गळतात. कंगव्यात दिसणारे ते हेच. त्यांची चिंता करायचं कारण नाही.

केस का गेले हे शोधताना केस किती गेले यापेक्षा ते कधी गेले हे आधी विचारावं लागतं. शेगावच्या प्रकरणाची किल्ली मला याच प्रश्नात दिसते.

तीन ते सात दिवस

पुरुषांना कपाळाच्या कडेने किंवा टाळूवर पडणारं नेहमीचं टक्कल घ्या. त्यात आनुवंशिकता आणि डीएचटी हे संप्रेरक यांच्यामुळे केशकूप दर फेरीला लहान होत जातो, केस बारीक होतो, वाढीचा काळ आखूड होतो. याला वर्षं लागतात. आठ वर्षांच्या मुलाला ते होत नाही आणि आठवड्यात तर कुणालाच होत नाही.

दुसरा प्रकार घराघरात माहीत आहे. बाळंतपणानंतर, डेंग्यू-टायफॉईडच्या तापानंतर किंवा कोविडनंतर बायका म्हणतात, "केस नुसते झडायला लागलेत." इथे धक्क्यामुळे एरवी वाढत राहिले असते ते कितीतरी केस एकदम विश्रांतीत जातात. विश्रांती तीन महिन्यांची, म्हणून गळती सुरू होते धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष नव्या शांपूला दिला जातो. यात केस विरळ होतात, पण डोकं सहसा पूर्ण उघडं पडत नाही. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरी बारीक गाठ दिसते.

चाईमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच केशकूपांवर उलटते आणि रुपयाएवढे गुळगुळीत चट्टे पडतात. पण हा संसर्गाचा आजार नाही. एका गावात तो एकाच आठवड्यात शेकडो माणसांना होऊ शकत नाही. बुरशी संसर्गाने पसरते हे खरं. मात्र ती मुख्यतः लहान मुलांच्या डोक्यावर दिसते, तिथे खपल्या धरतात, आणि ती आठवड्याभरात सगळं डोकं साफ करत नाही.

उरतो एकच प्रकार: वाढीच्या काळात असलेला केसच मुळाशी मोडतो. विभागणाऱ्या पेशींचं काम एकाएकी बंद पडतं, केसाचा दांडा त्या जागी बारीक आणि कमकुवत होतो आणि तिथेच तुटतो. टोकाला पांढरी गाठ दिसत नाही. टोक पेन्सिलीसारखं निमुळतं असतं. कर्करोगाच्या केमोथेरपीत होतं ते हेच. १०० पैकी ८५-९० केस वाढीच्या काळात असल्यामुळे अशा वेळी जवळजवळ सगळं डोकं मोकळं होतं. केमोथेरपी सोडली तर हे घडवणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: किरणोत्सर्ग, थॅलियमसारखे धातू, आणि सेलेनियम हे मूलद्रव्य.

म्हणजे प्रयोगशाळेचा एकही अहवाल हाती नसताना 'तीन ते सात दिवस', 'सगळ्या वयांचे' आणि 'जवळपास सगळं डोकं' या तीन गोष्टी विषबाधेकडे बोट दाखवत होत्या. आणि ते विष टाळूला बाहेरून लागलेलं नसून रक्तातून मुळाशी पोचलेलं असणार, हेही त्यातून सुचत होतं.

आधी पाणी धरलं गेलं

पहिला संशय पाण्यावर गेला आणि त्यात काही वावगं नव्हतं. शेगावचा हा परिसर पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. इथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं असतं. ते पिऊन मूत्रपिंडं जातात ही तक्रार अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातली माणसं वर्षानुवर्षं करत आली आहेत. नमुने तपासले तेव्हा पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. बुरशीचीही शंका आली, टाळूच्या त्वचेचे तुकडे तपासणीला गेले.

पण हेच पाणी ही गावं पिढ्यान्‌पिढ्या वापरत आली आहेत. क्षारांनी केस राठ होतात, त्यांच्यात गुंता होतो. मुळातल्या पेशींची विभागणी मात्र ते थांबवू शकत नाहीत. नायट्रेटचा धोका खरा असतो तो तान्ह्या बाळांना, त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते म्हणून. केस जाण्याशी त्याचा संबंध नाही. खाऱ्या पाण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवायलाच हवा, आणि या निमित्ताने त्याच्याकडे लक्ष गेलं हे बरंच झालं, पण केस त्याने नेले नव्हते.

पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची पथकं गावांत आली. रक्त, लघवी, केस, पाणी, माती, धान्य असे नमुने घेतले गेले. बाधितांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम वाढलेलं आढळलं.

याच काळात डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतःहून या गावांत फिरले. महाडला राहून विंचूदंशावर केलेल्या कामामुळे त्यांचं नाव झालं. विंचू चावलेल्या माणसाला प्राझोसिन देऊन वाचवता येतं हे त्यांनी दाखवलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या रोग्याचं म्हणणं मुकाट ऐकून घेणारा हा डॉक्टर. लोक काय खातात, ते कुठून येतं, हे त्यांनी विचारलं आणि घरांतला रेशनचा गहू उचलून ठाण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. त्या भागात कंट्रोलचा गहू म्हणतात तो हा. त्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. त्याच परिसरात पिकलेल्या गव्हाच्या तुलनेत हे सुमारे ६०० पट होतं. बाधितांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट आढळल्याचं त्यांनी मांडलं. रक्तातलं जस्त मात्र घटलेलं होतं.

गहू धुऊन तपासला तरी आकडा जवळजवळ तेवढाच राहिला. मला हा तपशील सगळ्यात बोलका वाटतो. बाहेरून काही सांडलं असतं, फवारलं गेलं असतं, तर ते धुण्याने उतरलं असतं. इथे सेलेनियम दाण्याच्या आत होतं. म्हणजे ते रोपानेच जमिनीतून उचललेलं होतं.

पोळीतला हिशेब

सेलेनियम हे विषच, असा समज मात्र होऊ नये. शरीराला ते लागतं, फक्त फार थोडं. मोठ्या माणसाला दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरतं, आणि ४०० च्या वर जाऊ नये असं मानतात. गरज आणि धोका यांच्यात इतकं कमी अंतर असलेली पोषकद्रव्यं थोडीच आहेत.

आता बावस्करांचा आकडा घेऊन हिशेब करू. घरात रेशनचा गहू थोडाच येतो आणि माणशी दिवसाला १०० ग्रॅमच खाल्ला जातो असं धरलं, तरी पोटात १४५२ मायक्रोग्रॅम सेलेनियम जातं. दोन्ही वेळच्या पोळ्या त्याच कणकेच्या असतील आणि माणूस कष्टाचं काम करणारा असेल, तर ३०० ग्रॅमला ४३५६ मायक्रोग्रॅम. पहिला आकडा मर्यादेच्या साडेतीन पट, दुसरा जवळजवळ अकरा पट.

हे आकडे वैद्यकशास्त्राच्या ओळखीचे आहेत. चीनच्या हुपेई प्रांतात एन्शी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे १९६१ ते १९६४ या काळात गावंच्या गावं केस आणि नखं गमावून बसली होती. सर्वाधिक बाधित पाच खेड्यांत २४८ माणसं राहत होती. त्यांतली जवळपास निम्मी आजारी पडली. तिथल्या दगडी कोळशात सेलेनियम भरपूर होतं, ते झिजून मातीत उतरलं होतं, आणि शेतात चुना टाकायची पद्धत असल्यामुळे पिकं ते जास्त शोषत होती. दुष्काळात भात गेला. लोकांना त्या जमिनीतला मका आणि भाजीपाला जास्त खावा लागला. पुढे संशोधकांनी अशा बाधित भागातल्या माणसांच्या आहाराचा हिशेब केला तेव्हा दिवसाला सरासरी ४.९९ मिलिग्रॅम सेलेनियम पोटात जात असल्याचं निघालं. आपला ४३५६ मायक्रोग्रॅमचा, म्हणजे ४.३६ मिलिग्रॅमचा आकडा त्याच्या शेजारी ठेवून पाहावा.

जनावरांत हे त्याहून आधी दिसलं होतं. १८५६ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट रँडल इथल्या लष्करी डॉक्टरने नोंदवून ठेवलं की तिथे चरणाऱ्या घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस झडतात, खूर सुटतात. त्या मातीतल्या सेलेनियमचा पत्ता लागायला पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षं गेली.

हे सगळं केस आणि नखांवरच का यावं? केराटिनचा चिवटपणा गंधकामुळे असतो. सिस्टीन या अमिनो आम्लातले गंधकाचे अणू एकमेकांना धरतात आणि त्या पकडीमुळे केस ओढ सहन करतो. आवर्त सारणीत सेलेनियम गंधकाच्या थेट खाली बसतं. दोघांचं रसायन इतकं सारखं की सेलेनियम जास्त झालं की ते गंधकाच्या जागी शिरतं. तिथली पकड कच्ची राहते. शिवाय जास्तीचं सेलेनियम वेगाने विभागणाऱ्या पेशींना थेट इजा करतं. केस इतक्या झटपट का तुटतात याचं आज मान्य असलेलं स्पष्टीकरण हेच आहे. जस्त घटलेलं असेल तर त्यात भरच पडते, कारण पेशी विभागायला जस्त लागतं.

गहू कुठला

रेशनवर आलेला हा गहू पंजाब-हरियाणाकडचा होता असं बावस्करांचं म्हणणं आहे. हे म्हणणं तपासून पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर या जिल्ह्यांत शिवालिकच्या पायथ्याला सेलेनियम जास्त असलेल्या जमिनीचे पट्टे आहेत. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने त्यांचा अभ्यास अनेक दशकं केला आहे. शिवालिकमधून पुराने वाहून आलेल्या मातीसोबत सेलेनियम आलं. काही ठिकाणी भूजलातूनही ते शेतात चढतं. अशा शेतातला कोवळा गहू पांढराफटक पडतो. तिथल्या जनावरांचे खूर आणि शेपट्या, आणि माणसांची केस-नखं, यांच्या तक्रारी शास्त्रीय लेखनात नोंदलेल्या आहेत.

एक रास्त आक्षेप असा येतो की रेशनचा गहू तर राज्यभर जातो, मग टक्कल १८ गावांतच का? माझं मत असं: सेलेनियमचे हे पट्टे लहान, एकूण पिकात त्यांचा वाटा नगण्य. एरवी तो गहू बाजारात शेकडो शेतांच्या गव्हात मिसळतो आणि प्रमाण विरून जातं. पण एकाच ठिकाणची पोती एकत्र राहिली, एकाच गाडीने आली आणि शेजारशेजारच्या दुकानांत उतरली, तर विरळ व्हायला वावच उरत नाही. नकाशावर एकमेकांना लागून असलेली गावं आणि एकाच वेळी सुरू झालेली गळती या दोन्ही गोष्टी अशा एखाद्या खेपेशी जुळतात. कोणत्या गोदामातून कोणती खेप कुठल्या दुकानात गेली हे सरकारी नोंदींत असतं. पोत्यापासून शेतापर्यंतचा माग त्या नोंदींवरूनच काढता येतो.

खरेदीच्या वेळी गव्हाची जी प्रत ठरते ती ओलावा, कचरा, फुटका आणि किडका दाणा यांवरून. सेलेनियमने भरलेला दाणा या प्रत्येक कसोटीवर उत्तम उतरू शकतो. दिसायला तो भरदार असतो, त्याला वास येत नाही, पोळी मऊ होते. ती पोळी करणाऱ्या बाईला काही कळायचा मार्गच नव्हता, आणि भाजण्याने मूलद्रव्य नाहीसं होत नाही.

केस परत आले

केशकूपात थोडं वरच्या बाजूला मूळपेशींचा एक साठा असतो. त्या सावकाश चालतात, वेगाने विभागत नाहीत, म्हणून असल्या विषातून वाचतात. विष थांबलं की त्याच पेशी तळ पुन्हा उभा करतात. सेलेनियमवर उतारा म्हणून औषध नाही. ते खाणं थांबवायचं आणि लघवीवाटे निघून जाऊ द्यायचं, एवढंच. शेगावच्या गावांत पुढच्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांच्या डोक्यावर पुन्हा केस उगवले. टक्कल व्हायरसच्या गोष्टीत हे बसत नाही, मुळाशी बसलेल्या तात्पुरत्या विषारी तडाख्यात मात्र अगदी बरोबर बसतं.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. केस गळायला लागले की आपण औषधाच्या दुकानातून 'केसांसाठी' म्हणून गोळ्या आणतो. त्यांतल्या अनेकींत सेलेनियम असतं. २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक आहाराच्या उत्पादनात चूक झाली. लेबलवर २०० मायक्रोग्रॅम लिहिलं होतं आणि एका मात्रेत ४०,८०० निघाले. २०१ माणसं आजारी पडली आणि त्यांतल्या बहुतेकांचे केस गळाले. केस वाचवायला घेतलेली गोळी तपासणीशिवाय महिनोन्‌महिने घेऊ नका. लोह, थायरॉईड, नुकताच येऊन गेलेला ताप हे आधी डॉक्टरांशी बोलून पाहा.

एप्रिल २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातून नवी बातमी आली: नखं विद्रूप होतायत, चिरतायत, गळून पडतायत. गावं पुन्हा हादरली, नवा आजार आला म्हणून. पण हाताचं नख महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतं. डिसेंबर-जानेवारीत कातड्याखाली, नखाच्या मुळाशी जो कच्चा भाग तयार झाला, तो पुढे सरकत नखाच्या मध्यावर यायला तीन-चार महिने लागणारच. म्हणजे एप्रिलची नखं जानेवारीचीच हकिगत सांगत होती, फक्त उशिरा. एन्शीमध्येही केसांसोबत नखं गेली होती.

पायाचं नख त्याहून सावकाश वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नख बदलायला वर्ष-दीड वर्ष जातं. म्हणूनच माणसाच्या आहारात वर्षभरापूर्वी किती सेलेनियम होतं हे पाहायला जगभरचे संशोधक पायाच्या नखांचे तुकडे तपासतात. या १८ गावांतल्या माणसांची नखं, रेशन दुकानांच्या नोंदी आणि होशियारपूर-नवांशहरच्या शेतांतला गहू हे तीन धागे एकत्र जोडायचं काम कुणीतरी सरकारी पातळीवर करायला हवं. जमिनीचे ते पट्टे आधीच माहीत आहेत, लहान आहेत, आणि तिथून निघणाऱ्या गव्हाची खरेदीच्या वेळीच सेलेनियमसाठी तपासणी करता येण्यासारखी आहे.